भयाचा धैवत

आमच्या देवस्थानच्या सभागृहात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक श्रवणमंडळ भरते. जुन्या ध्वनिमुद्रिका लावाव्यात, सर्वांनी मिळून त्या ऐकाव्यात, जाणत्याने चार शब्द सांगावेत आणि सायंआरतीची घंटा होण्यापूर्वी उठावे, असा त्याचा साधा परिपाठ आहे. गेल्या चातुर्मासात ह्या मंडळाच्या बैठकीत एका तरुण सभासदाने एक सूचना मांडली. भयपटांची पार्श्वसंगीते आता स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने मिळतात. पुष्कळ रसिक ती चित्रपटावाचून, केवळ संगीत म्हणून ऐकतात. तेव्हा एक संध्याकाळ आपणही त्यांना द्यावी, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्यावर चर्चा अशी झालीच नाही. एक ज्येष्ठ हसले, दुसऱ्यांनी कानांवर हात ठेवले, आणि तीन कारणे इतिवृत्तात नोंदवून सूचना फेटाळण्यात आली. पहिले कारण असे की, पार्श्वसंगीत हे चित्राचे चाकर आहे, त्याला स्वतंत्र अस्तित्व नाही. दुसरे असे की, भय ही देवाच्या दारी आणण्याजोगी वस्तू नव्हे. आणि तिसरे असे की, असले संगीत हा निव्वळ गोंगाट असून कोवळ्या मनांस तो अपायकारक आहे.

त्या बैठकीस आम्ही हजर होतो. तिन्ही कारणे लंगडी आहेत हे आम्हांस तेथल्या तेथे दिसत होते, आणि तरीही आम्ही तोंड उघडले नाही. परक्यांची बाजू मांडण्यात वीस वर्षे घालवलेले आम्ही, त्या दिवशी एका पोराची रास्त बाजू समोर पडलेली असता पानसुपारीच्या तबकाकडे पाहत बसलो. त्या मौनाचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख आहे. मंडळातील ज्येष्ठांविषयी आम्हांस आदरच आहे; परंतु आदर म्हणजे मान्यता नव्हे, हे त्यांनीच आम्हांस लहानपणी शिकवले आहे.

पहिले कारण प्रथम घेऊ. चाकराला स्वतंत्र अस्तित्व नाही हा न्याय खरा मानला, तर मंडळाने आपली निम्मी कपाटे आजच रिकामी केली पाहिजेत. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. गोविंदराव टेंबे ह्यांनी त्याच्या चाली बांधल्या त्या विशिष्ट पात्रांसाठी आणि विशिष्ट प्रसंगांसाठी. आज त्यांतले एखादे पद लागले की धैर्यधर कोण, भामिनी कोण, तिचा राग कशावरून, हे विचारण्याचे कोणाच्या मनात तरी येते काय? मंगेशीच्या दीनानाथांचा स्वर तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीतून उसळतो तेव्हा आपल्यापुढे ना पडदा असतो, ना रंगभूषा, ना नाटकाचे पुस्तक. नाटक केव्हाच मागे पडले आणि पद उरले. ह्यात आपण नाट्यसंगीताचा गौरव मानतो. मग चित्रपट मागे पडून त्याचे संगीत उरले, तर तो मात्र अनाचार कसा?

अमेरिकेतील एक उदाहरण घेऊ. आल्फ्रेड हिचकॉक ह्यांचा ‘सायको’ हा चित्रपट १९६० साली प्रदर्शित झाला. त्याचे संगीतकार बर्नार्ड हरमन. त्यांनी संपूर्ण वाद्यवृंदाचा मोह टाळून केवळ तंतुवाद्ये घेतली. ना सुषिर वाद्य, ना नगारा. स्नानगृहातील हत्येच्या प्रसंगी मुळीच संगीत नसावे असे हिचकॉक ह्यांचे मत होते. हरमन ह्यांनी तरीही ते रचले, ऐकवले, आणि दिग्दर्शकाला आपला शब्द मागे घ्यावा लागला. आज त्या प्रसंगाचे नाव निघाले की डोळ्यांपूर्वी कान आठवतात, आणि वरच्या सप्तकात व्हायोलिनवर घासलेला तो गज प्रथम ऐकू येतो. धन्याचा हुकूम मोडून धन्याचे भले करणारा हा चाकर कोणत्या जातीचा, हे आमच्या ज्येष्ठांनीच सांगावे.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चित्रपटाबरोबर ह्या संगीताची ध्वनिमुद्रिका निघाली नव्हती. १९७५ साली, म्हणजे पंधरा वर्षांनंतर, हरमन ह्यांनी स्वतः नॅशनल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संचालन करून ते संगीत स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेसाठी पुन्हा वाजवून घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते वारले. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत मनुष्य जे काम पुन्हा हाती घेतो, ते त्याच्या लेखी दुसऱ्याची सावली खासच नसते.

ह्याहूनही निर्णायक पुरावा हवा असेल तर जॉन कार्पेंटर ह्यांचा घ्यावा. हे गृहस्थ आपल्या भयपटांचे दिग्दर्शन करीत आणि त्यांचे संगीतही बहुधा स्वतःच रचीत. २०१५ साली त्यांनी ‘लॉस्ट थीम्स’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली. हे कोणत्या चित्रपटाचे संगीत? कोणत्याच नाही. जे चित्रपट कधी निघालेच नाहीत त्यांचे हे पार्श्वसंगीत आहे, आणि श्रोत्याने हवे तर आपले चित्र आपणच कल्पावे. चाकर असा स्वतःच्या घरात राहू लागल्यावरही त्याला ओसरीवरच उभे करण्याचा आपला हट्ट का?

आता आमच्या धंद्यातील एक दाखला देण्याची मुभा असावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ‘संगीतकृती’ची व्याख्या १९९४ साली दुरुस्त झाली. त्या दुरुस्त व्याख्येनुसार संगीतकृती म्हणजे संगीताची कृती आणि तिचे स्वरलेखन. संगीताबरोबर गावयाचे वा बोलावयाचे शब्द आणि करावयाची हालचाल ह्यांचा तीत समावेश होत नाही. म्हणजे शब्द आणि अभिनय बाजूला सारून जे उरते त्यालाच कायदा संगीत म्हणतो. रसिकांनी कायद्याच्या मागे असावे ह्याची आम्हांस खंत वाटते. सहसा मागे राहण्याचा मान कायद्याचा असतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, कारण ते श्रद्धेच्या नावाने दिले गेले. भय हे अशुभ, म्हणून ते देवाच्या दारी नको, असे म्हणतात. आम्ही विचारतो, हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत भयानक आहे. त्याचा वर्ण कृष्ण आणि त्याची देवता काल. एवढ्यावरच मुनी थांबले नाहीत. कोणत्या रसाला कोणता स्वर हेही त्यांनी सांगितले, आणि बीभत्स व भयानक ह्या रसांसाठी धैवताची योजना केली. ज्या परंपरेने भयाला सप्तकात स्वतःचा स्वर नेमून दिला, तिच्या वारसांनी भयाच्या संगीतास दार लावून घ्यावे, ह्याला सोवळे म्हणावे की विस्मरण?

ह्या वादात आमचा मुख्य साक्षीदार मात्र काश्मीरचे अभिनवगुप्त आहेत. रसाची प्रतीती कशी होते हे समजावताना त्यांनी शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील हरिण घेतले आहे. दुष्यंताचा रथ मागे, बाणाची धास्ती, मान वळवून वळवून पळणारे ते भेदरलेले जनावर. प्रेक्षकास येथे काय प्रतीत होते? आचार्यांचे उत्तर असे की, ते हरिणाचे भय नव्हे, राजाचे नव्हे, आणि प्रेक्षकाचे स्वतःचेही नव्हे. हा भ्याला, मी भ्यालो, अशी कोणाचीही मालकी न लागलेले, देशकालाच्या बंधनातून सुटलेले ते भय असते. आमच्या भाषेत बोलायचे तर, ज्याच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाचेच नाव नाही असे ते भय. स्वतःच्या भयापासून आपण पळतो. ह्या दुसऱ्या भयाजवळ मात्र आपण थांबतो, त्याला न्याहाळतो, आणि मन मोकळे होऊन घरी जातो.

आता विचार करावा. पडद्यावर खुनी असतो, सुरी असते, बळी जाणारी स्त्री असते. त्या सर्वांना दूर सारून केवळ संगीत ऐकणे म्हणजे हरिण, रथ आणि राजा ह्यांना दूर सारून केवळ भय अनुभवणे होय. चित्रपटगृहात रक्त पाहून किंचाळणारा प्रेक्षक आणि घरी दिवा मालवून तीच रचना शांतपणे ऐकणारा श्रोता, ह्यांत अभिनवगुप्तांना अधिक जवळचा कोण वाटला असता, ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही. ज्यांना भयपट सोसवत नाहीत त्यांनीच खरे म्हणजे ही ध्वनिमुद्रिका प्रथम मागावयास हवी होती.

आणि शास्त्र दूरचे वाटत असेल तर गावच्या वेशीपर्यंत यावे. आपल्याकडे देवचार आहे, राखणदार आहे. रात्री त्याची काठी वाजते असे आपल्या आज्या सांगत, आणि तो काठीचा आवाज कानी आला की पोरे घोंगडीत शिरत. पण त्याच देवचाराला आपण रोट ठेवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि गाव त्याच्या हवाली करून निजतो. काल्याच्या रात्री काळ्या वेषातील संकासुर रंगमंचावर येतो तेव्हा मुले रडतात आणि थोरले हसतात. तो सोहळा देवळाच्या प्रांगणातच होतो. वेलिंगच्या देवळात आपण ज्याला हात जोडतो तो लक्ष्मीसह बसलेला नृसिंह आहे. खांब फोडून आलेल्या त्या गर्जनेचा त्याला विसर पडला असेल असे वाटत नाही. आपल्या देवांनी भयाला कधी हद्दपार केले नाही. ते काम समितीने आपल्या अंगावर घेतले आहे.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ‘द ओमेन’ ह्या १९७६ च्या चित्रपटास जेरी गोल्डस्मिथ ह्यांनी दिलेल्या संगीतास ऑस्कर मिळाले. त्यातील समूहगान लॅटिन भाषेत असून चर्चच्या उपासनेतील भाषा उलटी फिरवून त्यात सैतानाचा जयजयकार केला आहे. संगीत म्हणून ते असामान्य आहे. तथापि आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या दारासमोर पवित्र आठवड्यात ते वाजवणे आम्ही उद्धटपणाचे समजू. त्याचप्रमाणे गर्भागारासमोर आरतीच्या वेळी व्हायोलिनच्या किंकाळ्या नकोत, हेही आम्ही न सांगता मान्य करतो. स्थळकाळाचे औचित्य ही एक गोष्ट आहे आणि सरसकट बंदी ही दुसरी. सभागृह म्हणजे गर्भागार नव्हे. तेथे लग्नाच्या पंगती उठतात आणि निवडणुकीची भाषणेही होतात. त्यांतील काही भाषणे ऐकून आम्हांस जे भय वाटले, ते तर कोणत्याच रसात बसणारे नव्हते.

तिसरे कारण म्हणजे गोंगाट आणि कोवळी मने. इंग्लंडच्या माइक ओल्डफील्ड ह्यांची ‘ट्युब्युलर बेल्स’ ही ध्वनिमुद्रिका १९७३ च्या मे महिन्यात निघाली. एका तरुणाने बहुतेक सारी वाद्ये स्वतः वाजवून केलेली ती दीर्घ रचना होती. भुताखेतांशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘द एक्झॉर्सिस्ट’ हा चित्रपट आला आणि त्यात ह्या रचनेचा आरंभीचा तुकडा वापरला गेला. तेव्हापासून ती घंटी ऐकताच लोकांच्या अंगावर शहारे येतात. मेमध्ये निष्पाप असलेले स्वर डिसेंबरात झपाटलेले कसे झाले? स्वर तर बदलले नाहीत. त्यांच्यावर चढलेले चित्र उतरवून मूळ रचना पुन्हा ऐकणे, हाच त्यावरचा उतारा आहे, आणि स्वतंत्र ध्वनिमुद्रिका तोच देते.

कार्पेंटर ह्यांच्या ‘हॅलोवीन’ ह्या १९७८ च्या चित्रपटाचे मुख्य संगीत घ्या. पियानोवर एक लहानसा आकृतिबंध अखंड फिरत राहतो. त्याची लय पाच मात्रांची. ही पाचाची चाल त्यांच्या वडिलांनी, जे संगीताचे अध्यापक होते, त्यांना पोरवयात शिकवली होती. प्रत्येक मात्रेचे दोन ठोके धरले तर आवर्तन दहाचे होते आणि त्याचे खंड ३-३-२-२ असे पडतात. आपला झपतालही दहा मात्रांचा, पण त्याचे खंड २-३-२-३. ज्याचा हात झपतालावर बसला आहे त्याने ही रचना मांडीवर मोजून पाहावी. समेची वाट पाहणारा हात प्रत्येक वेळी किंचित चुकतो, आणि भय नेमके त्या चुकण्यात आहे. इटलीतील ‘गॉब्लिन’ ह्या वृंदाने ‘सुस्पिरिया’साठी १९७७ साली केलेल्या संगीतात तर सिंथेसायझरच्या जोडीला बुझुकी आणि तबलाही आहे. तबला एवढ्या लांबवर जाऊन भयाची सेवा करून आला, आणि आपण त्याला घरात घेताना पाय धुवायला सांगतो!

गोंगाट करणाऱ्या ध्वनिमुद्रिका नाहीत असे आम्ही म्हणत नाही. तशा पुष्कळ आहेत. मिनिटभर शांतता ठेवायची आणि मग एकदम धाडकन आवाज काढायचा, ही युक्ती लवंगी फटाक्यालाही जमते. तिला संगीत म्हणण्याची आमची तयारी नाही. परंतु चांगले कोणते आणि टाकाऊ कोणते हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे. दुसऱ्यांदा ऐकावे. दचका पहिल्याच वेळी संपतो. रचना असेल तर ती दुसऱ्या वेळी उलगडू लागते. ही कसोटी लावण्याकरिताच श्रवणमंडळे असतात. मुलांना ते संगीत कानांतल्या बोंडांतून एकटे ऐकू द्यावे आणि मग त्यांच्या मनांची काळजी वाहावी, ह्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून ऐकणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय?

येथवर आम्ही बचाव केला. आता आरोप करतो. पार्श्वसंगीताला चाकर मानण्याची ही सवय परक्यांच्या नव्हे, आपल्याच संगीताच्या मुळावर आली आहे.

‘महल’ हा चित्रपट १९४९ चा. संगीतकार खेमचंद प्रकाश. त्यातील लताबाईंच्या गाजलेल्या गीताच्या मूळ तबकडीवर गायिकेचे नाव म्हणून चित्रपटातील पात्राचे, कामिनीचे, नाव छापले होते. श्रोत्यांनी विचारणा केली तेव्हा खरे नाव पुढे आले. ‘बीस साल बाद’ (१९६२, हेमंतकुमार) आणि ‘वह कौन थी’ (१९६४, मदनमोहन) ह्यांतील गीते आपण आजही घरोघर ऐकतो; ती भुताटकीच्या चित्रपटांतील आहेत म्हणून कोणी दार लावून घेत नाही. पण तबकड्या निघाल्या त्या गीतांच्या. गीतांच्या मधले जे संगीत, जिन्यावरच्या पावलांमागचे, झुलणाऱ्या झुंबरामागचे, ते मागितले कोणी? कोणीच नाही. म्हणून ते स्वतंत्र रूपात निघाले नाही, आणि त्या काळच्या चित्रपटांचे असे किती संगीत आज संवाद आणि पावसाच्या आवाजाखाली गाडलेले आहे, ह्याची मोजदाद नाही.

ते लिहीत कोण होते आणि वाजवीत कोण होते? मुंबईच्या त्या वाद्यवृंदांत आपल्या गोव्याचे वादक फार मोठ्या संख्येने होते. चर्चच्या संगीतशाळांतून स्वरलेखन शिकून गेलेली ही माणसे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांनी प्यारेलाल ह्यांना व्हायोलिन शिकवले. शंकर-जयकिशन ह्यांच्या गीतांचे वाद्यवृंद बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा. गायिकेला तिचे नाव मिळाले; वाद्यवृंदाची कागदावर बांधणी करणाऱ्यांची नावे तबकड्यांवर सहसा आलीच नाहीत. १९५७ च्या मूळ कायद्यात तर संगीतकृती म्हणजे छापलेले वा लिहून काढलेले संगीत, असे म्हटले होते. ज्यांच्या हातांनी ते लिहिले गेले ते मात्र रोजाच्या पैशांवर घरी परतले. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन संगीत करवून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास निर्माताच त्याचा पहिला मालक. २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकाराला थोडा न्याय मिळाला. चित्रपटगृहात चित्रपटासोबत जे वाजते ते सोडून इतरत्र होणाऱ्या वापराच्या मानधनातील आपला वाटा त्याला आता सोडून देता येत नाही. म्हणजे चित्रपटातील संगीताला चित्रपटगृहाबाहेर दुसरे आयुष्य असते, हे संसदेनेही मान्य केले आहे. मान्य करायचे राहिले ते आमचे श्रवणमंडळ.

काही वर्षांपूर्वी सासष्टीतील एका घराच्या वाटणीचे काम आमच्याकडे होते. इन्व्हेंटरीच्या यादीत कपाटे, खुर्च्या, देव्हाऱ्यासारखे लाकडी ओरातोर, सारे किमतीसह मांडले होते. शेवटून दुसरी नोंद होती, ‘जुन्या कागदांची पेटी एक, किंमत शून्य.’ ती पेटी आम्ही उघडून पाहिली. मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवणाऱ्या एका मृत वादकाचे ते स्वरलेखनाचे कागद होते. एका पानावर रिळाचा क्रमांक, सेकंदांचे आकडे, आणि गज थरथरता ठेवण्याची खूण. चित्रपटाचे नाव नव्हते. वारसांपैकी कोणाचाही त्या पेटीवर दावा नव्हता. ह्या एकाच नोंदीवर त्या घरात एकमत झाले. ते पान लिहिणाऱ्यापुढे चित्र नव्हतेच. होते फक्त संगीत. ते आपल्याला ऐकायचे नाही, असे आपणच ठरवून टाकले, आणि म्हणून पेटीची किंमत शून्य झाली.

‘तुंबाड’ हा २०१८ चा चित्रपट कोकणातील गावाचे नाव, कोकणचा पाऊस आणि कोकणची भीती घेऊन आला. त्याचे पार्श्वसंगीत डेन्मार्कचे जेस्पर किड ह्यांनी रचले, आणि ते चित्रपटावाचूनही ऐकण्याजोगे आहे. त्याबद्दल आम्हांस आनंदच आहे. परंतु आपल्या पावसाच्या भयाला सूर देण्याचा वारसा आपल्याच माळ्यांवर वाळवी खात पडला असता आपण कानांवर हात ठेवून बसावे, ह्याची मात्र लाज वाटते.

म्हणून येत्या बैठकीत तीच सूचना आम्ही पुन्हा मांडणार आहोत, आणि तिला अनुमोदन देण्यासाठी तो तरुण सभासद येईलच. कार्यक्रमही आम्ही ठरवला आहे. आरंभी हरमन ह्यांची १९७५ ची ध्वनिमुद्रिका, मग ‘हॅलोवीन’, त्यासोबत मांडीवर ताल मोजणे, मग ‘तुंबाड’. आणि शेवटी, वारसांच्या संमतीने आमच्याकडे राहिलेल्या त्या पेटीतील एक पान मडगावचा एक व्हायोलिनवादक आम्हांस वाजवून दाखवणार आहे. ते कोणत्या चित्रपटाचे हे कोणालाच ठाऊक नाही. आरतीच्या घंटेपूर्वी सारे आटोपेल ह्याची हमी आमची.

सभासदांस एकच विनंती. त्या संध्याकाळी घरून निघण्यापूर्वी आपापल्या माळ्यावर एकदा दिवा घेऊन जावे, आणि जुन्या कागदांची पेटी असेल तर ती रद्दीवाल्यापूर्वी आम्हांस दाखवावी.